खडूने लिहिलेला ओके

१

'समृद्धी इंजिनिअरिंग वर्क्स'मध्ये त्या सकाळी जो गुन्हा उघडकीस आला, तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होता.

दिसायला तो चकचकीत लोखंडी दांडा होता. करंजाच्या जगन कोळ्याच्या होडीचा शाफ्ट. इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत न्यायची एवढंच त्याचं काम, पण त्यासाठी त्याची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी हवी. ती नव्हती. जगनची होडी भर हंगामात किनाऱ्यावर टेकू लावून उभी होती आणि जगन रोज फोन करून समृद्धीला 'ताई' म्हणत होता. चिडला की तो 'मॅडम' म्हणायचा. त्या सकाळी तो 'मॅडम'वर आला होता.

समृद्धी घरत ही पनवेलच्या उरण नाक्यामागच्या गाळ्यात स्वतःचं वर्कशॉप काढणारी पहिली बाई नसेलही, पण तसं सांगत फिरणारी पहिली नक्कीच होती. कंटेनर कंपनीतली नोकरी सोडून, आईच्या नावावरचं शेवटचं शेत विकून तिने हा गाळा घेतला होता आणि जासईच्या गोदामातून एक जुना लेथ आणला होता. लेथ म्हणजे लोखंड 'चक' नावाच्या जबड्यात धरून, गरगर फिरवून त्याला गोल आकार देणारं यंत्र. तो वाकडं कापू लागला, तर समृद्धीकडे उरणार होता तो फक्त बोर्ड.

"लेथ चांगला आहे, बुधाजी," ती म्हणाली. "आणला तेव्हा नानांनी ओके केला होता. मी नसताना काय केलंत ते सांगा. टूल चकवर आपटलं का?"

बुधाजी हा तिचा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर. त्याने शाफ्ट फडक्याने पुसला, जणू पुसून तो सरळ होणार होता.

"आमी काय नाय केला, ताई."

"मग नाना खोटं बोलतात का?"

बुधाजीने शाफ्ट पुन्हा पुसायला घेतला. नाना खोटं बोलतात असं म्हणणं म्हणजे पनवेलच्या एसटी स्टँडवर उभं राहून एसटी वेळेवर येते म्हणण्यासारखं होतं. ऐकणारे हसले असते.

"तपास होईपर्यंत घरी थांबा," समृद्धी म्हणाली आणि तिने तपासासाठी नानांना फोन लावला.

कमळाकर नाना हे तळोज्याच्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ. इतरांनी केलेलं काम नापसंत करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. चुकून पसंत पडलंच, तर ते त्यावर खडूने 'ओके' लिहीत. हा ओके पंचक्रोशीत देवाच्या अंगाऱ्यासारखा चालायचा. रिटायर झाल्यावर त्यांनी गणपती मंडळाचा हरवलेला ॲम्प्लिफायर अध्यक्षांच्या मेहुण्याच्या हळदीत वाजताना ओळखून काढला, तेव्हापासून लोक त्यांना हळू आवाजात 'डिटेक्टिव्ह' म्हणत. नाना ते ऐकू न आल्यासारखं करत आणि दुसऱ्यांदा ऐकायला थांबत.

"नाना, कोणीतरी माझा लेथ बिघडवलाय," समृद्धी फोनवर म्हणाली. "तुम्ही स्वतः टोकापासून टोकापर्यंत चालवून बघितला होता ना, म्हणून तुम्हालाच बोलावते. तुमच्याइतका तो कोणाला माहीत आहे?"

"येतो," नाना म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. त्या लेथविषयी एक गोष्ट त्यांना माहीत होती, समृद्धीला नव्हती.

त्यांनी तो चालवून बघितलाच नव्हता.

२

ते असं झालं.

जासईला, कंटेनर यार्डांच्या रांगेमागे, प्रितमशेटचं जुन्या यंत्रांचं गोदाम होतं. प्रितमशेट हा नानांच्या मामेबहिणीच्या सासरचा, म्हणजे आगरी माणसांत जवळजवळ सख्खाच. समृद्धीसाठी लेथ तपासायला नाना त्या दिवशी सकाळीच पोचले. लेथ हिरव्या रंगात असा चमकत होता की मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या.

"बटण दाब," नाना म्हणाले होते. एवढं ते म्हणाले होते, हे नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं.

प्रितमशेटने बटण दाबलं. काही झालं नाही.

"लाइट गेली बघा नाना. आपल्याकडची लाइट म्हणजे... येईल. तोवर दोन घास खाऊन घ्या. तळ्यातला जिताडा आहे, सकाळीच काढलाय."

जिताडा हा मासा ज्याने खाल्ला नाही त्याला पुढचं कळणार नाही, आणि ज्याने खाल्लाय त्याला सांगायची गरज नाही. ऑफिसात पंख्याखाली पान मांडलं. वाऱ्याने भाताची वाफ नानांच्या तोंडावर येत होती. प्रितमशेटच्या बायकोने डोक्याचा तुकडा नानांना वाढला. डोकं घरातल्या मोठ्या माणसाला वाढतात. नानांना फार दिवसांनी कोणीतरी मोठं म्हटलं होतं.

पान आटोपलं, डोळे जड झाले. लाइट आली नव्हती. नानांनी लेथभोवती एक चक्कर मारली, पुढून बघितला, मागून बघितला, रंगावर बोट फिरवलं. नवरी मुलगी बघतात तेवढा बघितला. मग खिशातला खडू काढला.

दुपारी समृद्धी आणि तिची आई ठमाबाई आल्या. प्रितमशेट सगळ्यांदेखत म्हणाला, "नानांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघितलाय. आपला नियम ठरलेला आहे. चालवून ओके केलेला माल परत नाही. न चालवता गेलेला माल कधीही आणा, डोळे मिटून परत घेईन. काय नाना?"

नानांच्या तोंडात विडा होता. त्यांनी मान हलवली.

आपण खोटं बोललो नाही, फक्त मान हलवली, असं ते मनाला समजावत होते. पण मन इन्स्पेक्शन खात्यातलंच होतं. ते पास करेना.

३

नाना वर्कशॉपवर आले तेव्हा समृद्धीने त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

संशयित दोन, असं तिने सांगितलं. एक बुधाजी. दुसरा भावेश, ज्याच्या क्रेनने आणि ट्रेलरने लेथ आणला. नानांनी मनात तिसरा मोजला.

"भावेशचं असं आहे," ती म्हणाली, "उचलला त्याच दिवशी अमावास्या लागली. आई म्हणाली अमावास्येला मशीन घरात नको. म्हणून लेथ त्याच्या कामोठ्याच्या यार्डात ट्रेलरवर उभा होता. तिथे त्याने बदलला असेल तर? तसाच रंग मारलेला दुसरा कोणतातरी ढकलला असेल आपल्याला."

नानांच्या अंगात एकदम हुशारी आली. लेथ बदलला असेल, तर मूळ लेथ उत्तम होता असं म्हणायला जागा होती. मग न चालवता दिलेला ओकेसुद्धा खरा ठरला असता. एखादा माणूस चोर निघावा अशी इतकी कळकळीची इच्छा नानांनी आयुष्यात केली नव्हती.

ते तडक कामोठ्याला गेले. भावेश ट्रेलरच्या सावलीत चहा पीत होता.

"लेथ बदलला?" तो हसला. "नाना, दोन टनाचा ऐवज आहे तो. शर्टाचं बटण आहे काय, गुपचूप बदलायला? आणि बदलून घालू कोणता? माझ्याकडे लेथ असता तर मी क्रेन चालवली असती?"

"यार्डात अजून कोण येतं?"

"कुत्री येतात. त्यांनी नेला नाही. आणि एक सांगू? तुमच्या ठमाबाईने त्याला कुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. देवाचं केलेलं यंत्र मी बदलीन? माझी क्रेन उद्या माझ्याच डोक्यावर पडेल."

परत येताना नाना बुधाजीच्या घरावरून गेले. बुधाजी ओट्यावर बसून सायकलची चेन साफ करत होता. साफ करण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. त्याच्या बायकोने, गुणाबाईने, नानांना पाणी दिलं आणि न विचारता सांगितलं, "नाक्यावर ह्यांना लेथमोड्या बोलतात. दुसरा कोन काम देनार आता?"

"तू गप," बुधाजी म्हणाला. "नाना हायत ना. नाना शोधतील."

नानांनी पाण्याचा पेला अर्धाच खाली ठेवला.

"बुधाजी, पहिल्यांदा चालू केलास तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"काय नाय. सॅडल तेवढा हालत नव्हता. रंगानं धरला होता. लाकडी हातोडीनं हलकेच ठोकला, कट् करून सुटला. ताईनी व्हिडिओ काढला त्याचा, शुभारंभ म्हनून."

सॅडल म्हणजे कापायचं हत्यार धरून लेथच्या बेडवरून, म्हणजे लांब लोखंडी पाटावरून, पुढेमागे धावणारा ठोकळा. नाना उठले. त्यांना एकाएकी घाम फुटला होता.

"काय झाला, नाना?"

"काही नाही. ऊन आहे."

ऊन कलून बराच वेळ झाला होता.

४

दुसऱ्या दिवशी समृद्धी जगनची समजूत काढायला करंजाला गेली, तेव्हा नाना एकटे लेथसमोर उभे राहिले.

त्यांना एक आशा अजून शिल्लक होती. नारळाची. जासईला ठमाबाईने नारळ फोडून त्याचं पाणी हाताने लेथच्या उघड्या बेडवर शिंपडलं होतं. खरं तर ते तिथल्या तिथे पुसायला हवं होतं, कारण नारळाच्या पाण्याने उघडं लोखंड गंजतं. पण ज्याला हे माहीत होतं त्याच्या पोटात तेव्हा जिताडा होता आणि तो खुर्ची शोधत होता. लेथ तोच असेल तर बेडवर गंजाचे शिंतोडे असणार. कोणी बदलून नुसतं कुंकू लावलं असेल, तर बेड स्वच्छ असणार. कुंकू कोणीही लावील, गंज कोण लावील?

नानांनी आयुष्यभर गंज शोधला होता. आज पहिल्यांदा तो नसावा म्हणून त्यांनी देवाला हात जोडले.

त्यांनी तेल पुसलं. बुधाजीने घासून काढले होते, तरी डाग होते. तपकिरी, थेंबाथेंबाचे, ठमाबाईच्या हाताच्या फेकीसारखे पसरलेले. आणि चकजवळ येऊन ते सरळ रेषेत थांबले होते. त्या रेषेपलीकडे एकही थेंब नव्हता, कारण तिथे तेव्हा सॅडल उभं होतं.

लेथ तोच होता. भावेश सुटला.

नानांनी सॅडल बाजूला सारलं आणि जिथे ते उभं होतं तिथल्या बेडवरून नख फिरवलं. नख खाली उतरलं. तिथे बेड झिजून खोलगट झाला होता, कित्येक वर्षांच्या कामाने. एका आपटण्याने अशी झीज होत नाही. सॅडल तिथे आलं की खाली बसायचं, हत्यार कापायच्या दांड्यापासून लांब जायचं आणि शाफ्ट त्या टोकाला जाड राहायचा. बुधाजी सुटला.

प्रितमशेटने झिजलेल्या जागेवर सॅडल आणून उभं केलं होतं आणि दोन्हीवर मिळून रंगाचा फवारा मारला होता. सॅडलच्या कडेला हिरव्या रंगाची फाटकी किनार अजून लोंबत होती. पाकिटाचं तोंड गोंदाने बंद करावं तसं हे सील होतं. ज्याने कोणी त्या गोदामात सॅडल वीतभर जरी सरकवलं असतं, त्याच्या हातून ते तिथेच फुटलं असतं.

ते फुटलं होतं या वर्कशॉपमध्ये, बुधाजीच्या हातून, व्हिडिओत.

लेथच्या अंगावर खडूतला 'ओके' अजून तसाच होता. अक्षर वळणदार होतं. नानांनी बाही पुढे केली, मग मागे घेतली. पुरावा पुसायचा नसतो, हे ते इतरांना नेहमी सांगत.

५

घरी त्यांची बायको गोदू दारातच उभी होती.

"प्रितमशेटकडून जिताडा आलाय. आख्खा. काय शोधलंत तुमी एवढं?"

सोबत फोनही आला. "नाना, तपास तुमच्याकडे आहे म्हणे. बरं झालं, घरचा माणूस आहे. टर्नर लोक काय, आज हे मोडतील, उद्या ते. तुम्ही चालवून बघितला होतात, मी साक्षीला आहे. तुमच्या नावाला मी धक्का लागू देणार नाही."

नानांनी फोन ठेवला. आपलं नाव प्रितमशेट सांभाळतोय, हे ऐकून त्यांना त्या नावाची किंमत कळली. ते असंच सांभाळून राहिलं, तर बुधाजी लेथमोड्या ठरणार होता, लेथ समृद्धीच्या गळ्यात राहणार होता आणि जगनची होडी किनाऱ्यावर. नाव मात्र ठणठणीत राहणार होतं.

"कालवण करू का तळू?" गोदूने विचारलं.

"बर्फात ठेव."

"पोट बरं नाय?"

"पोट बरं आहे," नाना म्हणाले. "तेवढंच बरं आहे."

६

नानांनी सगळ्यांना वर्कशॉपवर बोलावलं. समृद्धी, ठमाबाई, भावेश. प्रितमशेट परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात आला. बुधाजी दाराशी उभा राहिला, आत ये म्हटल्यावर एक पाऊल आत आला. नानांच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी लेथच्या हँडलला अडकवली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं, पण डिटेक्टिव्हला कोणी विचारत नाही.

"प्रितम, रंग कधी मारलास?"

"तुम्ही बघायला यायच्या आधी. वाळून खडखडीत झाला होता."

"मी ओके दिल्यावर परत रंग मारलास?"

"छे. ओके झालेल्या मालाला मी हात लावत नाही."

"आणि मी सॅडल चालवून बघितलं?"

"समोर उभा होतो की मी. दोन वेळा बघितलंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"समृद्धी, तो शुभारंभाचा व्हिडिओ लाव."

मोबाइलवर बुधाजी हातोडी घेऊन वाकलेला दिसला. कट् असा आवाज आला. हिरव्या रंगाच्या खपल्या बेडवर पडल्या, सॅडल सुटलं आणि मागून ठमाबाईचा आवाज आला, "देवा, सांभाळ रे."

नानांनी गंजाचे डाग दाखवले, झीज दाखवली, रंगाची फाटकी किनार दाखवली. ते सावकाश, एकेक करून बोलत होते, जसे कारखान्यात दुसऱ्याच्या चुका सांगताना बोलत.

"म्हणजे लेथ तोच. झीज जुनी. भावेशने काही केलं नाही, बुधाजीने काही केलं नाही. रंग माझ्या येण्याआधीचा आणि सील फुटलं इथे. म्हणजे गोदामात हे सॅडल कोणीही हलवलं नाही."

"पण नाना," समृद्धी म्हणाली, "तुम्ही तर..."

"तोच निष्कर्ष आहे."

लोकांना गुन्हेगार सापडला की आनंद होतो. इथे तो तपासनीसाच्या खुर्चीतच सापडल्यामुळे आनंद कुठे करावा ते कोणाला कळेना.

"मी चालवला नव्हता," नाना म्हणाले. "लाइट गेली होती, मी जेवलो, आणि मान हलवली. प्रितम, न चालवता गेलेला माल तू डोळे मिटून परत घेतोस. हा न चालवता गेलेला माल."

"आता नाना खोटं बोलतायत," प्रितमशेट म्हणाला.

"तेव्हा बोललो. आज व्हिडिओ बोलतोय."

"लाइट गेल्ती?" ठमाबाईने विचारलं. "जेवताना उकडला आसंल."

"नाही, पंख्याखाली..." नाना म्हणाले आणि थांबले.

पंखा. भाताची वाफ तोंडावर आणणारा पंखा. तो फिरत होता. सबंध जेवणभर तो नानांच्या डोक्यावर गरगर फिरत होता आणि पनवेलचा डिटेक्टिव्ह त्याच्याखाली लाइट यायची वाट बघत काटे काढत होता.

"इन्व्हर्टरवर होता तो," प्रितमशेट पुटपुटला.

"लेथचा मेन स्विच कुठे असतो ते मला विचारा," भावेश म्हणाला. "लेथ उचलायला गेलो तेव्हा शेटनेच वर केला, माझ्यासमोर. म्हणाले, लाइट आली."

प्रितमशेटने एकेकाकडे बघितलं. इथल्या प्रत्येकाला पुढच्या लग्नसराईत शंभर हळदींची आमंत्रणं येणार होती आणि प्रत्येक मांडवात हीच गोष्ट सांगितली जाणार होती. माल परत घेणं स्वस्त पडलं असतं.

"आणा," तो म्हणाला. "तुमचे पैसे तुम्हाला परत. माझा नियम तो नियम."

"हेही घेऊन जा," नानांनी पिशवी पुढे केली.

ठमाबाईने पिशवीत डोकावून बघितलं. "मासळी कशाला परत देताव? तिनं काय केलाय?" तिने पिशवी आपल्याकडे घेतली. मग विचारलं, "त्या दिवशी तुकडी वाढली का डोका?"

"डोकं," नाना म्हणाले.

"मंग बरोबर. जिताड्याचा डोका दिला नि तुमचा ठेवून घेतला."

भावेश हसला. समृद्धी हसली नाही. नाना बुधाजीकडे वळले. माफीचं एक वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं होतं.

"नाना," बुधाजीच आधी म्हणाला, "हे पहिल्या दिवशीच बोलला आसता तर?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. नानांनी राग शोधला, कारण रागाला उत्तर देता आलं असतं. तयार वाक्य त्यांनी परत घरी नेलं.

७

नवा लेथ, म्हणजे दुसरा जुना लेथ, तळोज्याला एका बंद होणाऱ्या कारखान्यात मिळाला. जगन 'मॅडम'वरून 'ओ मॅडम'वर आला होता, त्यामुळे घाई होती. समृद्धीने बुधाजीला बरोबर घेतलं. निघताना ती नानांच्या दाराशी थांबली.

"तुम्हीही चला," ती म्हणाली. विनंती होती की शिक्षा, ते तिने सांगितलं नाही. गाडीत तिने त्यांच्या हातात डबा दिला. "आईने दिलाय. तिकडे काही खायचं नाही."

कारखान्याचा मॅनेजर अगत्यशील निघाला. "आधी चहा-नाश्ता करू या," तो म्हणाला. नाना डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आधी लाइट."

बुधाजीने लेथ सुरू केला. सॅडल चकपासून शेवटपर्यंत नेलं, परत आणलं. एक दांडा कापला. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. दुसऱ्या टोकाला लावला. समृद्धीने स्वतः लावला. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. नानांनी डबा उघडला. भेंडी होती.

शेवटी बुधाजीने हात पुसले. नानांनी खिशातला खडू काढून त्याच्यापुढे धरला.

"तुमी लिवा," बुधाजी म्हणाला. "तुमचा मान हाय."

"नाही," नाना म्हणाले. "तू लिही."

बुधाजीने खडू घेतला. ओके हा शब्द त्याला लिहिता येत होता, तो त्याने रोज बघितला होता. तरी त्याने तो लिहिला नाही. वाकून, जपून, वळणदार नसलेल्या अक्षरात त्याने लिहिलं:

चालवला.

खडू त्याने नानांना परत दिला. नानांनी तो खिशात ठेवला आणि उरलेली भेंडी संपवली. एक घासही टाकला नाही.